पायांची रात्रपाळी: डॉक्टरांकडे नेमकं कधी जायचं?

जेवणं आटोपतात, दिवे मालवले जातात, पाठ अंथरुणाला टेकते आणि दहा-पंधरा मिनिटांत पोटऱ्यांच्या आत काहीतरी शिवशिवायला लागतं. दुखतं म्हणावं तर तसं दुखत नाही, खाजही नाही. कुणी सांगतं आत किडे वळवळतात, कुणी सांगतं शिरा ओढल्या जातात. पाय हलवला की बरं वाटतं, थांबवला की पुन्हा तेच. शेवटी माणूस उठतो आणि घरातले सगळे झोपलेले असताना हॉलमध्ये येरझाऱ्या घालतो.

पंचाईत अशी की हा त्रास घेऊन कुणी डॉक्टरांकडे जातच नाही. जाऊन सांगणार तरी काय? "डॉक्टर, रात्री पाय हलवावेसे वाटतात" असं? मग घरगुती उपाय सुरू होतात. आजी नातवाला पोटऱ्यांवर उभं राहायला सांगते. कुणी ओढणीनं पाय करकचून बांधून झोपतं, कुणी बाम चोळतं. त्यात वर्षं निघून जातात. इकडे या आजाराच्या उपचारात मोठी उलथापालथ झाली आहे. अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२५ च्या सुरुवातीला नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि इतकी वर्षं पहिल्या पसंतीची असलेली औषधं मागे सारली. त्यामुळे कधीच डॉक्टरांकडे न गेलेल्यांनी आणि जुन्याच गोळ्या घेत असलेल्यांनी, दोघांनीही हा विषय नव्यानं बघायला हवा.

डॉक्टरांकडे कधी जायचं याचं माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पाय किती दुखतात यावरून ठरवू नका, झोप किती जाते यावरून ठरवा. बाकीचा लेख याच वाक्याचा तपशील आहे.

## नेमकं काय होतं?

या त्रासाचं वैद्यकीय नाव रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. पुढे आपण त्याला आरएलएस म्हणू. आजार नवा नाही. थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरांनी १६७२ मध्येच अशा रुग्णांबद्दल लिहून ठेवलं आहे. छळाच्या जागी डांबलेल्या माणसाला जितकी झोप येईल तितकीच या लोकांना येते, असं त्यांनी म्हटलं होतं. आजचं नाव मात्र १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-अक्सेल एकबोम या मज्जाविकारतज्ज्ञांनी दिलं.

हा आजार ओळखण्यासाठी चार गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात. पाय हलवण्याची अनावर ओढ होते, बहुतेकदा आत विचित्र काहीतरी जाणवतं. बसलं किंवा आडवं झालं की ती ओढ सुरू होते किंवा वाढते. उठून चाललं, पाय ताणले की निदान तेवढ्यापुरतं थांबतं. आणि संध्याकाळी, रात्री त्रास जास्त, सकाळी कमी. पाचवी अट डॉक्टरांसाठी आहे: या सगळ्याला दुसरं काही कारण नाही ना, हे तपासायचं. निदान होतं ते या प्रश्नोत्तरांवरच. एमआरआय, डॉप्लर किंवा नसांची करंट लावून होणारी तपासणी आरएलएस सिद्ध करू शकत नाही. दुसऱ्या एखाद्या आजाराची शंका असेल तरच त्या कराव्या लागतात.

रात्रीच कशाला, जिथे जिथे पाय गप्प ठेवावे लागतात तिथे हा त्रास डोकं वर काढतो. एसटीचा रात्रीचा प्रवास, नाट्यगृहातली मधली खुर्ची, दातांच्या डॉक्टरांकडची खुर्ची, मुलांकडे अमेरिकेला जाताना विमानात काढायचे चौदा-पंधरा तास. आरएलएस असलेली माणसं सीट निवडताना कडेची का मागतात, हे सोबतच्यांना कळत नाही.

युरोप-अमेरिकेत शंभर प्रौढांमागे पाच ते दहा जणांना हा त्रास होतो. आशियात प्रमाण कमी आहे. बंगळुरूत झालेल्या एका पाहणीत ते शंभरात दोनच्या आसपास निघालं. म्हणजे पन्नास घरांच्या सोसायटीत तीन-चार जण असू शकतात. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट.

## पायाचं प्रत्येक दुखणं म्हणजे आरएलएस नव्हे

इथे घोटाळा फार होतो, म्हणून जरा थांबून बघू.

झोपेत अचानक पोटरीत गोळा येतो, स्नायू दगडासारखा घट्ट होतो, माणूस कळवळून उठतो. हा पेटका. तो काही मिनिटांत जातो आणि मागे ठणका ठेवतो. आरएलएसमध्ये स्नायू कडक होत नाही.

मधुमेहामुळे नसा खराब झाल्या तर तळपायांची आग होते, मुंग्या येतात, बधिरपणा येतो. रात्री हेही वाढतं, पण उठून चाललं म्हणून थांबत नाही. जीवनसत्त्व बी-१२ कमी पडलं तरी असंच होतं, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकतं. दोन्ही आजार एकाच माणसाला असण्याचीही शक्यता असते, तेव्हा "शुगरमुळे असेल" म्हणून विषय बंद करू नये.

दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांच्या पायांवर निळ्या-हिरव्या नसा फुगलेल्या दिसतात. त्यांचे पाय संध्याकाळी जड होतात, सुजतात, पण उशीवर उंच ठेवले की हलके होतात. आरएलएसमध्ये पाय उंच ठेवून काही मिळत नाही. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, आणि तंबाखू ओढणाऱ्यांमध्ये हे बरंच दिसतं, तर चित्र अगदी उलटं असतं: चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं.

बसल्या बसल्या गुडघा हलवत राहण्याची सवय ही वेगळीच गोष्ट. "पाय हलवू नकोस, लक्ष्मी निघून जाते" असं जिच्याबद्दल आपण लहानपणी ऐकलं ती. त्या मुलाला पाय थांबवायला सांगितलं तर तो थांबवतो आणि त्याला काही होत नाही. आरएलएस असलेल्यानं पाय रोखून धरला की आतली तळमळ वाढत जाते.

## शरीरात बिनसतं कुठे?

पायांत जाणवत असलं तरी गडबड मेंदूत आहे. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप पोचवायला जी रसायनं वापरतात त्यांतलं एक डोपामाइन. हालचालींवर ताबा ठेवण्यात त्याचा मोठा हात असतो. डोपामाइन तयार व्हायला लोह लागतं. आरएलएस असलेल्यांच्या मेंदूच्या ठरावीक भागांत लोह कमी असतं, हे मेंदूच्या चित्रणातून, पाठीच्या कण्यातल्या द्रवाच्या तपासणीतून आणि मृत्यूनंतरच्या अभ्यासांतून दिसलं आहे.

घराण्याचाही भाग आहे. तरुण वयात त्रास सुरू झालेल्यांच्या आईला, वडिलांना किंवा भावंडांना तो असणं नेहमीचं. म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी आईला एकदा विचारून बघावं. "मला तर पहिल्यापासूनच आहे, त्यात काय सांगायचं" असं उत्तर आलं तर चकित होऊ नका.

याशिवाय काही अवस्थांमध्ये हा त्रास उद्भवतो किंवा बळावतो. गरोदरपण ही त्यांतली सर्वांत ठळक. साधारण पाचांतल्या एका गरोदर बाईला आरएलएस होतो, शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत तो बहुधा निघून जातो. मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्यांमध्ये प्रमाण बरंच असतं, आणि त्यांना तर एका जागी चार तास पडून राहावं लागतं.

## मग डॉक्टरांकडे कधी जायचं?

महिन्यातून एखाद्या रात्री, लग्नघरी दिवसभर धावपळ झाल्यावर किंवा उशिरा कडक चहा प्यायल्यावर पाय शिवशिवले, थोडं चाललं आणि झोप लागली, तर डॉक्टरांची गरज नाही. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, दारू, तंबाखू कमी करा. दिवसा चालायला जा, पण रात्री उशिरा जोरदार व्यायाम नको. झोपण्याआधी कोमट पाण्यानं पाय शेकणं, पोटऱ्या ताणणं, चेपून घेणं यानं अनेकांना आराम पडतो. आजीचा नातू पायावर उभं करण्याचा उपाय अगदीच वेडगळ नाही. दाब आणि चोळणं खरोखर बरं वाटवतं. ओढणी मात्र इतकी आवळू नये की पाय बधिर होतील.

पण आठवड्यातून दोन किंवा त्याहून जास्त रात्री असं व्हायला लागलं, तर तारीख घ्या. तज्ज्ञ सतत टिकणारा आरएलएस ठरवतात तो साधारण याच मोजमापानं. रोज झोप लागायला तास-दीड तास जात असेल, मध्यरात्री उठून फिरावं लागत असेल, तर दुखत नसलं तरी हा आजार उपचार करण्याजोगा झाला आहे.

दिवसा काय होतंय हेही बघा. दुपारी कामावर डुलक्या येणं, हिशेबात चुका, चिडचिड, आणि विशेषतः गाडी चालवताना डोळा लागणं. रिक्षा, ट्रक किंवा शाळेची व्हॅन चालवणाऱ्यानं तर यातलं शेवटचं एकदा जरी झालं तरी थांबू नये. प्रवास, सिनेमा, भजन, मीटिंग टाळायला लागला असाल तर तेही कारण पुरेसं आहे.

कधी कधी तक्रार जोडीदाराकडून येते. आरएलएस असलेल्यांतल्या सुमारे ऐंशी टक्के लोकांचे पाय झोपेतही दर वीस-चाळीस सेकंदांनी झटका देत राहतात. झोपलेल्याला पत्ता नसतो, शेजारच्याला लाथा बसतात. अशा वेळी बायको किंवा नवरा सोबत आला तर डॉक्टरांना अर्धं निदान आयतं मिळतं.

काहींनी मात्र त्रास किती रात्री होतो हे मोजत न बसता जावं. गरोदर बाई, मूत्रपिंडाचा आजार असलेले, पाळीत फार रक्तस्राव होणाऱ्या, वारंवार रक्तदान करणारे, पोटाची शस्त्रक्रिया झालेले. आणि लहान मुलं. मूल रात्री "पाय दुखतात, दाबून दे" म्हणतं तेव्हा आपण वाढीचं वय म्हणून सोडून देतो, आणि बहुतेकदा ते तसंच असतं. पण मूल झोपायला टाळाटाळ करत असेल, पाय आपटत असेल, दिवसा एका जागी बसत नाही अशी शाळेची तक्रार असेल आणि आई-वडिलांपैकी कुणाला आरएलएस असेल, तर बालरोगतज्ज्ञांना हे सगळं एकत्र सांगा.

झोपेअभावी मन पार खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर पायांसाठी तारीख मिळेपर्यंत वाट बघू नका. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं.

## त्याच दिवशी गाठायचं रुग्णालय

आरएलएस स्वतः जिवावर बेतत नाही, पण आरएलएस समजून दुसरंच काही अंगावर काढणं बेतू शकतं. एकच पाय सुजला, गरम आणि लालसर झाला, पोटरी दुखू लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्यासोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर एक मिनिटही दवडू नये. पाय अचानक गार, पांढरा-निळा पडून भयंकर दुखू लागला, पायातली ताकद गेली, बसण्याच्या जागी बधिर झालं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर तातडीच्या विभागात जा. चेहरा वाकडा होणं, एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडणं याचा तर आरएलएसशी काहीच संबंध नाही; तो पक्षाघात समजून धावायचं.

## "हिमोग्लोबिन बारा आहे, मग लोह कमी कसं?"

हा या विषयातला कळीचा प्रश्न. रुग्ण जातो, डॉक्टर रक्त तपासतात, हिमोग्लोबिन ठीक निघतं आणि "रिपोर्ट नॉर्मल" म्हणून माणूस घरी परततो.

तुमच्या इमारतीचं उदाहरण घ्या. स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी येतंय म्हणून जमिनीखालची टाकी भरलेली आहे असं होत नाही. टाकी तळाला गेली तरी नळ काही वेळ चालू राहतो. हिमोग्लोबिन म्हणजे नळाचं पाणी, आणि शरीरातला लोहाचा साठा म्हणजे ती टाकी. साठा किती उरला हे फेरिटिन नावाच्या रक्तचाचणीतून कळतं. साठा रिकामा होत आला तरी हिमोग्लोबिन शेवटपर्यंत तग धरतं. आणि टाकीतली पातळी घसरली की पाणी चढायचं बंद होतं ते सर्वांत आधी वरच्या मजल्यावर. आरएलएसमध्ये मेंदू हा तो वरचा मजला. खालच्यांना पुरतंय आणि वर ठणठणाट, अशी स्थिती.

म्हणून आरएलएससाठी फेरिटिनची रेषा वेगळी, बरीच वर ओढलेली आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर प्रौढ बाईचं फेरिटिन मिलिलिटरमागे पंधरा-वीस नॅनोग्रॅम असलं तरी ते अनेकदा सामान्य म्हणून छापून येतं. नव्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरएलएस असलेल्या प्रौढांचं फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल, अथवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे हे सांगणारा दुसरा आकडा) २० टक्क्यांच्या आत असेल, तर लोह देण्याचा विचार करायचा. ७५ ते १०० च्या मधे असेल तर गोळ्यांचा फारसा उपयोग नाही, शिरेतून लोह देणं विचारात घेतात. मुलांमध्ये ही रेषा ५० ला आहे. रिपोर्टवर तारांकित खूण नाही म्हणून गप्प बसू नका, आकडा वाचा आणि डॉक्टरांना विचारा.

आपल्याकडे याचं महत्त्व जास्तच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या, महाराष्ट्रात ५४ टक्के. त्यांच्यापैकी किती जणी रात्री पाय बांधून झोपतात, हे कुणी विचारायला गेलं असेल असं मला वाटत नाही.

चाचणीला सकाळी उपाशीपोटी जावं आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी घेऊ नये. ताप किंवा कुठला संसर्ग असताना फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं झाल्यावर तपासलेलं चांगलं.

## "मग औषधाच्या दुकानातून गोळ्याच आणतो की"

नको, आणि त्याला दोन सरळ कारणं आहेत.

पहिलं, लोह जास्त झालं तर शरीराला ते सहज बाहेर टाकता येत नाही. यकृतात, हृदयात साठून राहतं. थॅलेसेमियासारख्या आजारांत हिमोग्लोबिन कमी असतं पण लोह कमी नसतं. तिथे गोळ्या घेणं म्हणजे त्रासात भर. घरात लहान मूल असेल तर या गोळ्या कुलपात ठेवा. गोड समजून खाल्लेल्या लोहाच्या गोळ्या मुलांसाठी जीवघेण्या ठरतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. लोह कमी आहे म्हणजे ते कुठेतरी जातंय किंवा येत नाही. तरुण बाईत बहुधा पाळी हे उत्तर असतं. पण पन्नाशी-साठीच्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह घसरलं तर मूळव्याध, जठरातला व्रण, कधी मोठ्या आतड्याचा कर्करोगही मागे असू शकतो. परस्पर गोळ्या घेऊन आकडा सुधारला तर तो शोध लांबणीवर पडतो. पायांच्या तक्रारीमुळे पोटातलं दुखणं वेळेत सापडलं, तर त्याहून काय हवं?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या चहासोबत घेऊ नका, चहातल्या घटकांमुळे लोह शोषलं जात नाही. लिंबूपाणी चालेल. ॲसिडिटीसाठी रोज पँटोप्राझोलसारखी गोळी घेत असाल तर तेही सांगा, तिच्यामुळेही शोषण घटतं. शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठ होतं. घाबरायचं कारण नाही. अनेकदा दिवसाआड गोळी देतात, ती दुर्लक्ष म्हणून नव्हे तर तशी ती जास्त शोषली जाते म्हणून. फरक दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. गूळ, नाचणी, पालेभाज्या जरूर खा, पण रिकामा साठा केवळ आहारानं भरून निघायला फार वेळ लागतो.

कॅल्शियमचं विचाराल तर पाय दुखले की कॅल्शियम, हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर आहे. आरएलएससाठी त्याला भक्कम आधार नाही. मॅग्नेशियमचा पुरावाही कच्चाच.

## तुमच्याच डब्यातल्या गोळ्या

काही औषधांनी आरएलएस चाळवतो किंवा बळावतो, आणि ती औषधं साधी असतात. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन असलेल्या. झोप येत नाही म्हणून माणूस नेमकी हीच गोळी घेतो आणि रात्रभर जास्त तळमळतो. उलटी-मळमळ थांबवणाऱ्या मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, प्रोमेथाझिनसारख्या गोळ्या. नैराश्यावरची बरीच औषधं, मनोविकारावरची काही.

मानसिक आजारावरचं औषध स्वतःहून मात्र मुळीच बंद करू नका. ज्यांनी लिहून दिलं त्यांना "हे सुरू झाल्यापासून पाय शिवशिवतात" एवढं सांगा, पर्याय असतात. जाता-येता घेतलेल्या सर्दीच्या गोळीचा उल्लेखही करा. रुग्ण ती औषधात मोजतच नाहीत.

घोरण्याचंही विचारतील. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तर तो आरएलएस वाढवतो, आणि तो बरा केला की पायही सुधारतात.

## गोळी सुरू आहे, तरी दुपारीच पाय वळवळतात

आधी उल्लेखलेली उलथापालथ इथली. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्या डोपामाइनची नक्कल करतात. कंपवातावर त्या वापरतात, आणि आरएलएसवर त्या पहिल्या आठवड्यातच जादूसारख्या लागू पडतात. म्हणून वर्षानुवर्षं त्याच दिल्या गेल्या. पण काही वर्षांनी पुष्कळ रुग्णांमध्ये उलटंच घडतं. रात्री दहाचा त्रास संध्याकाळी पाचला, मग दुपारी सुरू होतो. पायांतून हातांत येतो. डोस वाढवला की थोडे दिवस बरं आणि मग आणखी वाईट. औषधच आजाराला खतपाणी घालू लागतं. काहींना जुगाराची, खरेदीची, खाण्याची आवरेना अशी हौस लागते, आणि घरच्यांना त्याचा गोळीशी संबंध लागत नाही.

नव्या तत्त्वांनी या गोळ्या नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत असं सुचवलं आहे. आता आधी लोह तपासतात, आणि औषध लागलंच तर गाबापेंटिन किंवा प्रिगाबालिनचा विचार होतो. तीही निर्धोक नाहीत: गुंगी येते, चक्कर येते, वयस्क माणसाचा रात्री तोल जाऊ शकतो. श्वसनाचा आजार असेल किंवा अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर फार जपून.

जुन्या गोळीवर असाल आणि त्रास लवकर सुरू व्हायला लागला असेल, तर डोस वाढवून मागू नका आणि एकदम बंदही करू नका. अचानक बंद केल्यास काही रात्री अतोनात वाईट जातात. ती उतरवत न्यायला डॉक्टर लागतात.

## "वय झालं की पाय त्रास देणारच"

हे वाक्य मला फार खटकतं, कारण ते बहुधा घरातल्या बायकांच्या बाबतीत आणि तेही त्यांना न विचारता म्हटलं जातं. आरएलएस वयानुसार वाढतो हे खरं. पण साठीत लोह देता येतं, औषध बदलता येतं, मूत्रपिंडं तपासता येतात.

## कुणाकडे जायचं, काय सांगायचं?

सुरुवात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून किंवा एमडी फिजिशियनपासून करा. गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रापासून. लोह भरूनही त्रास राहिला, मूत्रपिंडाचा आजार असेल, जुन्या गोळ्यांनी बिघडलं असेल, तर मज्जाविकारतज्ज्ञ किंवा निद्राविकारतज्ज्ञ. नुसत्या आरएलएससाठी रात्रभर तारा लावून झोपेची चाचणी करायची गरज सहसा नसते. श्वास अडकत असल्याची शंका असेल तर असते.

"पाय दुखतात" एवढंच सांगितलंत तर वेदनाशामक आणि कॅल्शियम घेऊन परताल. त्याऐवजी असं सांगा: "रात्री आडवं झालं की पाय हलवावेच लागतात, चाललं की थांबतं, आठवड्यातून इतक्या रात्री होतं, झोपायला इतका वेळ जातो. माझं फेरिटिन तपासता येईल का?" दोन आठवडे रोज सकाळी वहीत किंवा मोबाइलमध्ये दोन ओळी लिहून ठेवा: त्रास किती वाजता सुरू झाला, किती वेळा उठलात, संध्याकाळी काय प्यायलात, कुठली गोळी घेतलीत. सगळ्या औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. लोह सुरू झालं तर साधारण तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासतात, त्या वेळी हीच वही परत दाखवा.